कालकुपीत गेलेला शिक्का

"मी शास्त्राचा पदवीधर आहे, साहेब. निवड अशी करतो की बोट ठेवायला जागा राहणार नाही!" नव्या लेफ्टनंटने छातीठोकपणे सांगितलं.

छावणीच्या अंगणात कालकुपी पुरायची होती. पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला आजचा सैनिक कसा जगत होता हे कळावं, अशा वस्तू तिच्यात ठेवायच्या होत्या.

"काम नीट झालं तर रविवारी बहिणीच्या लग्नाला जा," कर्नलसाहेब म्हणाले. "नाही झालं तर इथूनच अक्षता टाक!"

बूट, हेल्मेट, पदकं ही नावं सगळ्यांनीच सुचवली. लेफ्टनंटने ती उडवून लावली. ही तर मिरवायची सोंगं! जी वस्तू दिवसभर सगळ्यात जास्त हाताळली जाते, तीच खरी. तो छावणीभर निरीक्षण करत हिंडला. बंदुकीला हात लागायचा तो फक्त पुसताना. टीव्हीच्या रिमोटवर मात्र रोज लढाई! त्याखालोखाल चहाची किटली. आणि या दोघांनाही मागे टाकणारा वीर बसला होता ऑफिसात: गोल शिक्का!

शुक्रवारी हेडक्लार्क जेवायला गेले तेव्हा लेफ्टनंटने शिक्का उचलला. तिन्ही वस्तू पत्र्याच्या पिंपात गेल्या, झाकण डाग देऊन पक्कं बंद केलं, पिंप खड्ड्यात उतरलं आणि वर सिमेंट पडलं. मग तो रजेचा अर्ज घेऊन हेडक्लार्कांच्या पुढ्यात उभा राहिला.

"सही झालीय. शिक्का मारा की."

"शिक्का सापडला तर मारीन ना! सकाळपासून ठणाठण चालला होता, जेवून येतो तर गायब!"

लेफ्टनंटने खिडकीतून अंगणातल्या ओल्या सिमेंटकडे पाहिलं. "न... नवा मागवा."

"मागणीपत्रावर शिक्का लागतो, साहेब."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण! "दादा, येतोयस ना? की मांडवात तुझा फोटो उभा करू?"

"येतो गं! कालकुपीचं जरासं खोदकाम राहिलंय."

कर्नलसाहेबांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "खणा!"

शनिवारी सकाळी खणायला स्वयंसेवक मागितले, तर अख्खी पलटण हजर! रात्री मॅच होती आणि रिमोट जमिनीत होता. उत्साहाच्या भरात एकाची कुदळ थेट पिंपातून आरपार गेली. शिक्का वाचला, किटली गळायला लागली आणि पिंपाची चाळण झाली.

इतक्यात फाटकावरून ओरडा आला, "जनरलसाहेबांची गाडी!"

"बुजवा!" कर्नलसाहेब गरजले. रिकामा खड्डा भरला, वर कोरीव फरशी बसली. कालकुपी पाहायला जनरलसाहेब आले, गहिवरले, फरशीला त्यांनी कडक सलाम ठोकला.

"आपलं सारं जीवन इथे साठवलंय! यावर दिवसरात्र सशस्त्र पहारा हवा. पन्नास वर्षं!"

"होय साहेब!" कर्नलसाहेबांनी टाच आपटली. पहारेकरी उभा राहिला, रजेच्या अर्जावर शिक्का पडला, आणि लेफ्टनंट धावत सुटला.

लग्नघरात बहिणीने आधी हेच विचारलं, "दादा, शेवटी काय काय ठेवलंस रे त्या कालकुपीत?"

लेफ्टनंटने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लष्करी गुपित आहे गं. पहारा बसवलाय त्यावर!"