वाघ-वर्षाची आई आणि मामीचा गुलाबी झगा

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली आणि त्यानंतर माझा सगळा संबंध कारखान्यात मासळीचे गोळे वळण्याशी आला. शब्दही साधेच आहेत. (प्रकार मात्र साधा नव्हता.)

त्याच कारखान्यात मला न्हुंग भेटली. तैवानात, आमच्या गावी लग्नाचं जेवण झालं. मग तिच्या नोकरीची मुदत संपली आणि ती व्हिएतनामला माहेरी परतली. आता बायको म्हणून व्हिसा हवा, तर नातं खरं असल्याचा पुरावा द्यायचा होता: घरच्यांसोबतचे लग्नाचे फोटो, आणि हनोईतल्या तैवानच्या कार्यालयात दोघांची वेगवेगळी मुलाखत.

फोटो चाळीस होते. मामी एकोणचाळीस फोटोंत होती. आई एकातही नव्हती.

कारण आई वाघ-वर्षात जन्मलेली; आमच्या पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो. अशा बाईने नव्या नवरीसमोर येऊ नये, संसाराला बाधतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून त्या दिवशी ती आपणहून शेजाऱ्यांच्या बदकांच्या शेडमध्ये जाऊन बसली. ताटही तिथेच मागवलं. हे सरकारी माणसाला कसं सांगायचं? माझे तर कुणी नाव विचारलं तरी कान लाल होतात. मी ठरवलं, एक फोटो जरासा दुरुस्त करून घ्यावा.

फोटोवाल्याने आईच्या ओळखपत्रावरचं तोंड मामीच्या धडावर बसवलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई शांत होत्या.

"या कोण?"

"आई."

"आणि या फोटोत हाच गुलाबी झगा, हीच पर्स. या?"

"मामी."

"मामींच्या अंगठ्याला पट्टी आहे. तुमच्या आईच्याही."

"दोघी मिळून कांदा चिरत होत्या," मी म्हणालो. (याहून चांगलं सुचलं नाही.)

बाईंनी चष्मा काढला. "तुमची बायको पलीकडच्या खोलीत सांगून गेली, सासूबाई बदकांत बसल्या होत्या म्हणून. अहो, मीपण वाघ-वर्षाचीच. बहिणीच्या लग्नात चार तास गच्चीवर होते. खरं बोलला असतात तर पाच मिनिटांत सुटला असतात. आता फाइलमध्ये खोटा फोटो आहे, आणि अर्ज फेटाळायला तेवढा पुरतो. उद्या सकाळी लेखी खुलासा आणा. आईंना फोनवर तयार ठेवा."

बाहेर न्हुंग बाकावर बसली होती.

"आ-छुन, आपला संसार नीट व्हावा म्हणून आई बदकांत बसल्या," ती म्हणाली, "आणि तू त्यांना मामीचं धड लावलंस. लाज नाही वाटली?"

वाटत होती. इतकी, की टॅक्सीत मी तिच्याशेजारी न बसता ड्रायव्हरशेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलासा दिला आणि आईला फोन लावून बाईंसमोर धरला.

"न्हुंग तुमचीच सून ना?"

"माझीच. रोज फोन करून गुडघा कसा आहे विचारते."

"आणि हा मुलगा?"

"त्याचं काही सांगता येत नाही, बाई. आईचं मुंडकं कापून दुसरीला लावणारा आमच्या घराण्यात अजून झाला नव्हता. तुम्हीच काय ते तपासा."

बाईंनी न्हुंगच्या अर्जावर शिक्का मारला आणि मला म्हणाल्या, "तुमचा जन्मदाखला जोडा."

दाखला कुठल्या कपाटात आहे ते विचारायला मी आईला पुन्हा फोन लावला. तिने उचलला नाही. मग न्हुंगने लावला, तर पहिल्याच घंटीला उचलला.