कोपराला गूळ

हॉटेलच्या लाँड्रीत काम करणारी अकरा माणसं अत्यंत सुखी आहेत, ही बातमी त्यांना स्वतःला सर्वांत शेवटी समजली. ती आली तेव्हा मावशी ओल्या चादरींचा ढीग उपसत होत्या आणि लाँड्रीप्रमुख मामा पंख्यासाठी सातवा अर्ज लिहीत होते. आधीच्या सहांवर 'पाहू' असा शेरा होता. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. इस्त्रीची यंत्रं तापली की भिंतीवरच्या पालीसुद्धा रिसेप्शनकडे बदली करून घेत.

"आपण पहिले आलो," मॅनेजर दारातूनच म्हणाले. अंगात कोट असल्यामुळे ते आत येत नसत. "कंपनीच्या एकोणीस हॉटेलांत सर्वांत समाधानी कर्मचारी कुठे आहेत? आपल्या लाँड्रीत."

"कोण म्हणालं?" मावशींनी विचारलं.

मॅनेजरांनी दाराशेजारच्या यंत्राकडे बोट दाखवलं. महिन्यापूर्वी असं एकेक यंत्र प्रत्येक विभागात बसलं होतं. त्यावर तीन बटणं: हसरा हिरवा चेहरा, मख्ख पिवळा आणि रडका लाल. घरी जाताना आपल्या मनःस्थितीचं बटण दाबायचं, असा हुकूम होता. लाँड्रीत तो कोणी मनावर घेतला नव्हता. पण तिथल्या एकुलत्या एक ट्रॉलीचं चाक वर्षभरापूर्वी निखळलं होतं (त्याचे अर्ज वेगळे), त्यामुळे धुतलेले कपडे दोन्ही हातांवर गठ्ठा घेऊन वर न्यावे लागत. हात भरलेले, दार अरुंद. माणूस आडवा होऊन बाहेर पडे आणि त्याचं कोपर नेमकं हिरव्या चेहऱ्यावर आपटे. यंत्र 'टिंग' करी. अकरा माणसं, प्रत्येकाच्या दिवसाला चाळीस खेपा. मुख्य कार्यालयाने एवढं सुख उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"साहेब, त्याचं असंय..." मामांनी सुरुवात केली.

"काही बोलू नका. उद्या मुख्य कार्यालयातून मॅडम येतायत, तुमच्या सुखाचा अभ्यास करायला. तुम्ही फक्त हसायचं. माझ्या बढतीचा प्रश्न आहे. त्या गेल्या की तुमचा पंखा नक्की."

"लेखी देता?"

"मामा, माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर लेखी मागतोय."

साहेब हसून निघून गेले. मावशी म्हणाल्या, "लावला कोपराला गूळ."

"लावू दे. पंख्यासाठी एक दिवस हसेन मी. लग्नात नव्हतो हसलो?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा घामाने निथळणारे अकरा चेहरे ओळीने हसत होते. मावशी तर असतील नसतील तेवढे सगळे दात दाखवत होत्या.

"इथे खुर्च्या नाहीत?"

"नाहीत."

"पंखा?"

"तोही नाही," मामा उत्साहाने म्हणाले. बाई मुद्द्यावर आल्या, असं त्यांना वाटलं.

"मोबाईलला रेंज?"

"तळघरात कुठली हो."

मॅडमनी सगळं टिपून घेतलं आणि त्या मॅनेजरांकडे वळल्या. "रिसेप्शनला खुर्च्या, पंखे, रेंज, सगळं आहे. तिथलं लाल बटण झिजलंय. तुमच्या ऑफिसात तर एसी आहे आणि तिथला आकडा सर्वांत वाईट."

"तिथे मी एकटाच असतो," मॅनेजर पुटपुटले.

"मग कारण उघड आहे."

मामांचं हसू एका बाजूने सुटलं. "मॅडम, पंखा मिळाला तर आम्ही आणखी खूश होऊ."

"आणखी कुठे होणार, मामा? आलेख कागदाबाहेर गेलाय. इथे काहीही नवीन द्यायचं नाही."

मॅनेजर गाडी बोलवायला पुढे धावले. तेवढ्यात मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन दारातून आडव्या निघाल्या. टिंग.

"हात रिकामे नसतानासुद्धा!" मॅडमचे डोळे पाणावले.

आठवड्यात हुकूम आला. बाकीच्या विभागांतून खुर्च्या आणि पंखे काढावेत, मॅनेजरांचा एसी बंद करावा, समाधान वाढेल. सामानाची खोली जुन्या गाद्यांनी भरलेली होती. म्हणून स्टोअरकीपरने काढलेले नऊ उभे पंखे ढकलत ढकलत लाँड्रीत आणले.

"अहो, आम्हाला पंखा द्यायचा नाही असं ठरलंय," मामा कडवटपणे म्हणाले.

"देतंय कोण? ठेवतोय. फक्त गंजू नयेत म्हणून रोज थोडा वेळ चालवायचे, असा नियम आहे."

"थोडा म्हणजे किती?"

"ते नियमात नाही."

मामांनी नऊही पंखे लावले. मावशींचा पदर कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदा हलला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर फायली घेऊन खाली आले. कोट नव्हता. उशांच्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी दिवसभर काम केलं आणि मधे एक डुलकीही काढली. बढतीचं पत्र त्यांना तिथेच मिळालं. 'समाधानाचा आकडा असाच टिकल्यास' अशी त्यात अट होती. संध्याकाळी दोन्ही हातांवर फायलींचा ढीग घेऊन ते दारातून आडवे होऊन निघाले.

टिंग.

मॅनेजर थांबले. त्यांनी हिरव्या चेहऱ्याकडे पाहिलं, स्वतःच्या कोपराकडे पाहिलं, मग कोपऱ्यात कलंडलेल्या तीन चाकांच्या ट्रॉलीकडे बराच वेळ पाहिलं.

"मामा," ते हळूच म्हणाले, "तुमचा त्या चाकाचाही अर्ज होता ना?"

मामांनी नऊ पंख्यांवरून एकदा नजर फिरवली.

"कसलं चाक, साहेब?"