ओल्या गोणपाटातले दगड

आमच्या शेजारचे दाजीकाका दगडांना दिवसातून सात वेळा पाणी घालायचे. झाडं मात्र पावसाच्या भरवशावर.

विहीर खणताना जांभ्याखाली हे काळे, पापुद्र्यांचे दगड निघाले. फोडले की आत पानं दिसायची, अगदी शिरांसकट. पण दगड वाळला की तडकायचा आणि पानाचा भुगा व्हायचा. म्हणून पडवीभर ओली गोणपाटं. "सुकतले गो," हे काकांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीतूनही ते ताकाआधी उठायचे.

बऱ्याच अर्जांनंतर सरकारी खात्याचं इंग्रजी पत्र आलं. ते वाचायला मला बोलावलं. मायोसीन काळ, साधारण दोन कोटी वर्षं, असं मी हळू आवाजात सांगितलं. काकांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते घाबरले.

"दोन कोटी वर्षां रवला. आणि माझ्याकडे एका दुपारीत फुटात."

त्या दगडात तेल होतं. निखाऱ्यावर टाकला की पेटायचा, घासलेटासारखा वास सुटायचा. हा शोध काकीचा. लाकडं ओली होती म्हणून तिने चार दगड न्हाणीच्या चुलीत सारले. काकांनी त्याच पाण्याने अंघोळ केली, बाहेर येऊन चुलीत पाहिलं आणि नको ते बोलले. काकी आरोंद्याला माहेरी गेली, ती दोन महिने परतली नाही.

काका तिला आणायला निघायचे आणि एसटीच्या थांब्यावरून माघारी यायचे. दगड सुकले तर? शेवटी त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला. "कोपऱ्यातला गाठोडा पयला भिजय. ता इसरू नको."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. दर अर्ध्या तासाने शिंपडत राहिले. तरी दुपारी एक दगड तडकलाच. कोपऱ्यातलं गाठोडं उचललं, तर हलकं लागलं. तेही गेलं, असं वाटून घाईने सोडलं.

आत दगड नव्हताच. विड्याची पानं होती, सकाळीच खुडलेली. काका पान खात नसत. परसातल्या वेलीखाली पाहिलं, तर बदलून टाकलेल्या शिळ्या पानांचा ढीग साठला होता.

संध्याकाळच्या एसटीतून दोघं उतरली, काकी पुढे, काका चार पावलं मागे. तडकलेला दगड मी पुढे केला. काकांनी पाहिलाही नाही. कोपऱ्यातलं गाठोडं काकीच्या हातात देऊन ते तिच्याकडे बघत उभे होते. तिने गाठोडं सोडलं, एक पान हुंगलं.

"पानांका घासलेटाचो वास येता."

काकांचा चेहरा पडला. काकीने पान पदराला पुसलं, देठ खुडला.

"चुनो खंय आसा?"