उखाजी आबाचं उठतं-बसतं छप्पर

खापर गावाच्या शिवेत पाय पडला की उखाजी आबा तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. थेंब म्हणजे थेंब. लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही ही चाल आमच्या तापीकाठी पुष्कळ जण पाळत, पण ती त्या घरापुरती. आबाने ती अख्ख्या गावाला लावली. जावयाच्या घरचं नाही, शेजाऱ्याचं नाही, नदीचंही नाही. एकदा भर उन्हात खापरच्या बाजारात त्याला भोवळ आली. लोकांनी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्याबरोबर त्याने काय केलं असेल? आधी ओठ पुसले आणि रुमाल सगळ्यांना फिरवून दाखवला. "दखा, सगळं पानी आठे शे. एक घोट बी लिधा नई मी."

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत. पण ही हकिगत माझ्या हातातून गेलेली आहे, त्यामुळे ती मीच सांगणार. महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या पुढच्या आखाजीची ही गोष्ट.

आबा म्हणजे बुटका, काटक, केळीचा चांगला बागायतदार. खिशात कायम सुतळीचा तुकडा. कुठेही गेला की काहीतरी मोजायचा. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला तर पाटाची लांबी मोजायचा. कुणी काही सांगितलं की त्याचं एकच म्हणणं, "मोजी दख." कुणी म्हणालं, आबा, यंदा ऊन फार आहे, तरी "मोजी दख."

बायको गेली तेव्हापासून घरात एकटा. लेक एकच, जमना, ती खापरला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिच्या सासूला अर्धांगवायू झाला. बाई खाटेवर पडली ती पडलीच. सासरा केव्हाच गेलेला, घरात दुसरी बाईमाणूस नाही. सासूची एक बाजू लुळी पडली, पण आवाज मात्र शाबूत. इतका शाबूत की बाजारात ऐकू जायचा. घटकेघटकेला "जमनाऽ!"

आता खानदेशात आखाजी म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. सासरी गेलेली प्रत्येक पोर अक्षय्य तृतीयेच्या या सणाला माहेरी येते. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि मुख्य म्हणजे कुणी तिला काम सांगत नाही. जमनाच्या चार आखाज्या गेल्या. दर वर्षी आबा न्यायला जायचा, दर वर्षी ती दारात उभी राहून म्हणायची, "आबा, खाट सोडीसनी कशी येऊ?" आणि आबा कोरड्या घशाने परत यायचा.

पाचव्या वर्षी होळी झाल्यावर तो माझ्या कारखान्यात आला.

"मिस्तरी, घर बांधनं शे. ट्रकवर."

"ट्रकवर घर?"

"मंग काय बैलवर बांधसू?"

मी म्हटलं, "आबा, येडं लागनं का तुम्हले?"

"पोर माहेरले येत नई ना? मंग माहेर पोरकडे जाई," आबा म्हणाला, आणि सुतळी काढून माझा दरवाजा मोजायला लागला.

ट्रक त्याने नंदुरबारच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला. लढाईच्या काळातला, लष्कराच्या लिलावातून आलेला. इतकी वर्षं मिरची वाहून त्याच्या लाकडात तिखट मुरलेलं. मी आणि माझा भाऊ रंधा मारायचो आणि शिंकायचो. गाव रोज बघायला यायचा आणि तोही शिंकायचा. कुणी म्हणे आबा तमाशा काढतो, कुणी म्हणे आबा दुसरं लग्न करतो आणि बायकोला पळवून नेण्याची सोय बघतो. आबा म्हणे, "मोजी दखा."

सागाच्या चौकटीवर पत्र्याचं छप्पर टाकून घर उभं केलं. आबाला खरं तर कौलं हवी होती, कारण घराला कौलं आहेत. मी म्हटलं, पहिल्या खड्ड्यात सगळी कौलं जमनाच्या आधी जमिनीला भेटतील. दोन दिवस अबोला. शेवटी पत्र्यावर एकच कौल बसवलं, चारी बाजूंनी पट्ट्या मारून. तेवढ्यावर तो गप्प झाला.

घर झालं, नारळ फोडला, भिला डायव्हरने गाडी चालू केली, आणि गावच्या वेशीपाशी येऊन सगळं अडलं. वेशीची कमान खाली, छप्पर वर. चांगलं अडीच हात वर. अख्ख्या जगाला मोजायला सांगणाऱ्या माणसाने वेस मोजली नव्हती. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं कुणी म्हणेल, तर त्याला म्हणू द्या. मला सांगितलेलं काम घर बांधायचं होतं.

लोक हसून हसून खाली बसले. कुणीतरी म्हणालं, कमानीचे चार दगड काढा, आबा, नंतर बसवू.

"येसले हात लावू नका," आबा म्हणाला. "मन्हा बाप तठून गया. मन्ही बायको तठून गयी. येस वाकाव नई. मन्हं छप्पर वाकी."

मी म्हटलं, सोपं आहे, छप्परच खाली घेतो, बसून राहा आत. ते त्याला चालेना. आत त्याला उंच छप्पर हवं होतं, तेही त्याच्या डोक्याच्या हातभर वर. मी विचारलं, एवढं उंच कुणासाठी, तुम्ही तर उभ्याने खाटेखाली जाल. तेव्हा त्याने खरं सांगितलं. "तठे झोका टांगना शे. झोका बिगर आखाजी कसी?"

मग मात्र मलाच चैन पडेना. रात्रंदिवस एकच विचार, छप्पर उठेल कसं आणि बसेल कसं. पहिल्यांदा चार कोपऱ्यांना चार जॅक लावले आणि चार माणसं. एक जण तंबाखू मळायला थांबला, त्याचा कोपरा मागे राहिला, छप्पर तिरकं होऊन असं अडकलं की ना वर ना खाली. तसंच आठवडाभर. मग एकदा आबाच्या विहिरीवर पाणी पीत होतो. रहाटाकडे लक्ष गेलं आणि पाणी सांडलं. एकच रहाट, त्यावर चार दोर. चारही दोर चार कोपऱ्यांच्या खांबांवरच्या कप्प्यांतून छपराला. दांडा फिरवला की चारही कोपरे एकदमच उठणार, कुणी तंबाखू मळो की न मळो. आबाने स्वतःच्या विहिरीचा रहाट उपटून दिला.

छप्पर उठलं. खांबांच्या भोकांत बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, मधल्या उघड्या जागेला लष्करी तंबूचं कापड शिवलं. मागच्या बाजूला आडवा सागाचा नाट, जाड तुळईच ती, त्याला दोन कड्या. मागची फळी उघडली की झोका अर्धा घरात जाणार आणि अर्धा आभाळात. धुळ्याहून आलेला एक इंजिनेर बघून गेला. तो म्हणाला, हे बसणार नाही. आम्ही त्याच्यासमोर तीनदा बसवलं.

आतलं सामान आबाने घरातलं मोजून केलं. घरात फडताळ जमिनीपासून जितकं, तितकंच इथे. दिव्याची देवळी त्याच उंचीवर. आणि मग एक दिवस येऊन बघतो तर माझ्या रंधा मारलेल्या सागाच्या फळ्यांवर आबा गुडघ्यावर बसून शेण सारवतोय. मी ओरडलो. माझ्या कामावर शेण! तो मान वर न करता म्हणाला, "पोरना पायले लाकूड नई, घर लागाले पायजे."

आखाजीच्या दिवशी पहाटे निघालो. वेशीखालून छप्पर मान घालून गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खापरची शीव आली तिथे आबाने गाडी थांबवली, आपल्या विहिरीच्या पाण्याचं पिंप बघितलं आणि भिलाला हिशेब समजावला. "चाकंखालनी जमीन त्यासनी. चाकंवरलं मन्हं." आणि त्या गावाच्या हद्दीत, पहिल्यांदा, गटागटा तांब्याभर पाणी प्यायला.

जावयाच्या घरासमोर, लिंबाच्या सावलीत, तीस पावलांवर गाडी लावली. खाटेवरची हाक जमनाला ऐकू यावी म्हणून तीसच पावलं. रहाट फिरवला, छप्पर उठलं, अर्धं खापर जमा झालं. जावई शरमून लाल. "मामा, घरमा चला. लोकं हासी ऱ्हायनात."

"हासू दे. आखाजी शे."

जावई डोकं खाजवत खळ्याकडे निघून गेला.

जमना पदराला हात पुसत आली. चार-पाच वर्षांत पोर पार सुकलेली. तिने वर बघितलं, एक पाय आत ठेवला आणि तशीच थांबली. "हाई सारवन आपली म्हैसनं शे का, आबा?"

"हाव. डबामा भरीसनी लई उनू."

ती झोक्यावर बसली. एक हेलकावा घेतला, आभाळात गेली, आत आली. बाहेर पोरी गाण्याची वाट बघत उभ्या. जमनाने पाय टेकवले आणि उतरली. "आबा, जराशी टेकू?" म्हणाली. सारवलेल्या जमिनीवर दंडावर डोकं ठेवून आडवी झाली आणि पुढच्या श्वासाला झोपली. ताटातल्या सांजोरीला हातसुद्धा लावला नाही. पाच वर्षांचं जागरण होतं ते, दुसरं काय.

मग हलता झोका आबाने दोन्ही हातांनी धरून थांबवला, कड्या करकरत होत्या म्हणून.

तेवढ्यात घरातून हाक. "जमनाऽ! पानी!"

झोपेतच पोरीचा खांदा हलला. आबाने फळीवरून उडी मारली आणि अनवाणी धावला. मी मागे. तो थेट खाटेपाशी गेला, तांब्या उचलला आणि विहीणबाईच्या तोंडाशी धरला. व्याह्याला बघून त्या माउलीने चालत्या हाताने घाईघाईने डोक्यावर पदर ओढला, तो नाकापर्यंत आला.

"तुम्ही? जमना कोठे शे?"

"माहेरले गयी," आबा म्हणाला.

"कवय येई?"

"दिन बुडाले."

बाई दोन घोट प्यायल्या. मग म्हणाल्या, "तो पंखा ल्या तठला. माश्या बठी ऱ्हायन्यात."

मी गाडीशी जाऊन बसलो. कुणी जवळ आलं की बोट ओठांवर ठेवायचो, पोरींना गाणी दुसरीकडे म्हणायला लावली. त्या घरातून दुपारभर हाक आली नाही. ऊन कललं तेव्हा न राहवून एकदा खिडकीतून डोकावलो. आबा खाटेशेजारी स्टुलावर बसून ताडाच्या पंख्याने वारा घालत होता, हात दुखला की दुसऱ्या हाताने. विहीणबाई पदराआडून कुजबुजल्या, "झोपनी का आजून?"

"हाव," आबा म्हणाला. "धीरे बोला."