चौघं कशाला, मी आहे ना!

खोटं एक अक्षर सांगणार नाही! नातीच्या गळ्याची शप्पथ घेतली असती, पण तिला तो गाण्याच्या क्लासला लागतो. म्हणून माझ्या कवळीची शप्पथ! खोटं बोलत असेन तर आत्ता, तुमच्यासमोर, कवळी घशात जाऊ दे! बघा, नाही गेली. आता ऐका.

ठाकुर्लीला एक जुनी बिल्डिंग आहे. तळमजला आणि वर तीन मजले. लिफ्ट नाही. जिना असा अरुंद, की नवरा-बायकोचं भांडण झालेलं असलं तर एकाला वरच थांबायला लागतं. तिसऱ्या मजल्यावर दामाजीराव आणि जनाबाई राहतात. दामाजीरावांनी उभा जन्म वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर काढला, आणि आता उरलेला गॅलरीत खुर्ची टाकून काढतायत. जनाबाई म्हणजे स्वभावाने गाय! बोलायला मोजकी, या वयातही दिसायला नीटस. वजन म्हणाल तर बासष्ट किलो. फक्त!

तर ही गरीब गाय संक्रांतीच्या सुमारास बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी तिला वर आणून सोडलं, पण प्रत्येक वळणावर भिंतीला आपटत! पुढे हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता जिना उतरा, काही होत नाही." घरात ती चालायची, पोळ्या लाटायची. पण जिन्याच्या तोंडाशी आली की पाय दगड! हाड जुळलं, पण भीती आतच राहून गेली होती, डॉक्टर पोटात कात्री विसरतात ना, तशी.

मुलगा साईनाथ घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. दोन दोन लिफ्ट! तो फोनवर म्हणायचा, "आई, इकडे ये ना राहायला. लिफ्ट आहे."

"येते की! पण तुझ्या लिफ्टपर्यंत यायला आधी इथला जिना उतरायला लागेल ना रे!"

आता रंगूबाईचं सांगते. ती तळमजल्यावर राहायची. जनाबाईची आयुष्यभराची मैत्रीण. रोज संध्याकाळी दोघी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायच्या आणि भाजी निवडायच्या. भाजीबरोबर येणारा-जाणारा माणूसही निवडून व्हायचा. जनाबाई पडल्यापासून ते बंद झालं. रंगूबाईचे गुडघे गेलेले, तिला वर चढवेना. मग एक गॅलरीतून आणि एक खालच्या अंगणातून, अशा दोघी ओरडून गप्पा मारायच्या. अख्ख्या ठाकुर्लीला यांच्या घरात काय शिजलंय ते कळायचं!

आणि श्रावणात एका सकाळी रंगूबाई झोपेतच गेली.

तिला नेली तेव्हा जनाबाई गॅलरीत उभी होती. वरून काय दिसणार? पांढरी चादर आणि झेंडूची फुलं. तोंडसुद्धा दिसलं नाही. त्या दिवशी जेवताना तिने ताट सरकवलं आणि म्हणाली, "आता मीही खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरूनच."

दामाजीरावांचा घास तोंडातच राहिला. माणूस तसा भित्रा. झुरळ दिसलं की आधी बायकोला हाक मारणारा. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे! ताडकन उठले आणि गरजले, "चौघं कशाला? मी आहे ना! मी एकटा उचलून नेतो तुला खाली!"

"तुम्ही? अहो, तुम्हाला पिण्याच्या पाण्याचं पिंप हलत नाही!"

"बघच तू!"

बोलले खरं, पण त्या उठण्यात गुडघे असे कडाडले की जनाबाईला वाटलं ताटातला पापड मोडला.

नव्वद फुटी रस्त्याला एक नवी जिम निघाली होती. 'पहिला दिवस फुकट' अशी बाहेर पाटी. दुसऱ्या दिवशी दुपारी, "जरा पाय मोकळे करून येतो," असं सांगून दामाजीराव तिथे पोचले. वर साईनाथचा जुना टी-शर्ट, खाली घरातला लेंगा. दारातून आत मारुतीचा फोटो दिसला म्हणून चपला बाहेर काढल्या. आत सगळे बुटात, हे एकटे अनवाणी! छाती अशी धडधडत होती, की गाणं लावलंय का यांची छाती वाजतेय हे कळेना.

काउंटरवर दक्षता नावाची मुलगी. "काका, कुणाला घ्यायला आलात?"

"मीच आलोय."

"अच्छा... जॉईन करायला? काही प्रॉब्लेम आहे का? बीपी, शुगर, गुडघे?"

तिन्ही होतं. "मला कुठे काय," दामाजीराव म्हणाले, कागदावर नाव-पत्ता खरडला आणि आत शिरले.

आत चारी बाजूंनी आरसे! माणूस घरच्या आरशात स्वतःला समोरून बघतो. दामाजीरावांनी पहिल्यांदाच स्वतःला मागून बघितलं. वाकलेली पाठ, आत गेलेली मान. कोण हा बिचारा म्हातारा, म्हणून बाजूला सरकले, तर तोही सरकला. तिथूनच परत फिरणार होते. पण तेवढ्यात ट्रेनर आला. दर्शन. दंड म्हणजे दोन दुधी भोपळे!

"बोला काका, काय करायचंय? वजन कमी?"

"बासष्ट किलो उचलायचंय. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचंय. एकट्याने."

आजूबाजूची पोरं वजनं ठेवून बघायला लागली. "बासष्ट? काय उचलायचंय काका?"

आता या पोरांसमोर बायको म्हणायचं कसं? दामाजीरावांचे कान लाल झाले. "सामान आहे."

"फ्रिज?"

"नाही."

"वॉशिंग मशीन?"

"तसलंच समज."

"मग माणसं बोलवा ना काका! उगाच टेन्शन कशाला घेता?"

"माणसं आपटतात. एकदा आपटलंय. परत मोडलं तर पार्ट मिळायचे नाहीत."

"जुनं आहे?"

"लग्नातलं."

"बाप रे! चालू आहे अजून?"

"आवाज येतो," दामाजीराव म्हणाले. "दिवसभर येतो."

हे त्यांचे शब्द हं! माझे नाहीत.

दर्शन हसला. "मग भंगारात द्या ना काका! नवीन घ्या, मस्त!"

"भंगारात तुझ्या बापाला दे!" दामाजीराव असे ओरडले की जिममधलं गाणंसुद्धा दचकलं.

"सॉरी, सॉरी काका! जीव आहे वाटतं त्याच्यात."

"हो," दामाजीराव हळूच म्हणाले. "आहे अजून."

दर्शन पोरगा चांगला. त्याने आधी छोटी छोटी वजनं हातात दिली. दामाजीरावांना ती किराणा दुकानातली वाटली. "मोठं दे!" मग त्याने वाळू भरलेली लांबट पिशवी त्यांच्या खांद्यावर ठेवली. वीस किलोची. दामाजीराव मनात म्हणाले, ही तर जनाबाईची एक मांडी झाली! हा हिशेब साफ चुकीचा होता, पण असो.

पिशवी घेऊन उठाबशा सुरू झाल्या. पोरांना मजा वाटली. "काका! काका!" असा गजर सुरू झाला. आणि टाळ्या वाजल्या की पुरुष माणूस थांबतो का? दर्शन म्हणतोय, "बस काका, पहिला दिवस आहे!" आणि हे आपले खाली-वर, खाली-वर, विहिरीवरच्या रहाटासारखे!

कोपऱ्यात एक जिन्याचं मशीन होतं. पायऱ्या आपोआप खाली येत राहतात आणि माणसाने चढत राहायचं. दामाजीरावांची नजर त्याच्यावर गेली. "हे काय? जिना? मग उतरायचा कुठाय?"

"काका, याच्यावर फक्त चढायचं असतं."

"मला चढायचं नाहीये रे! मला उतरायचंय!"

दर्शन दुसऱ्याकडे वळला, तेवढ्यात हे पिशवीसकट मशीनवर चढले. उभा जन्म मशीनवर काढलेला माणूस, बटण शोधायला कितीसा वेळ? बटण दाबलं आणि उतरायचंय म्हणून तोंड केलं उलट, दाराकडे! मशीनने काय करावं? त्याने पायऱ्या खाली सोडल्या, आणि पायऱ्यांबरोबर दामाजीरावही! एक पाय इकडे, एक पाय तिकडे, लेंगा तिसरीकडे! धाडकन खाली बसले. पण खांद्यावरची पिशवी? ती जमिनीला टेकू दिली नाही! दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. आणि डोळे मिटून, घाबऱ्या आवाजात त्या पिशवीलाच विचारतायत, "जने, लागलं का गं तुला?"



दक्षताने गाणं बंद केलं. दर्शन त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "काका, जना कोण?"

दामाजीरावांनी डोळे उघडले. मांडीवर वाळूची पिशवी. आजूबाजूला पोरं. त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि कुणाकडे न बघता चालायला लागले. तसेच, अनवाणी!

रिक्षाने बिल्डिंगपर्यंत आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेले, तर मांड्या म्हणाल्या, आम्ही नाही! दुसरा पाय उचलून बघितला. तोही नाही. शेवटी मटकन बसले, त्याच शेवटच्या पायरीवर, रंगूबाईच्या कुलूप लावलेल्या दारासमोर. मान खाली. जिला खाली आणायचं, तिच्यापर्यंत वर जाता येईना!

तळमजल्यावरची हेमा कामावरून आली. "काका? अहो काका, काय होतंय?"

काकांना रडू येत होतं, म्हणून ते बोलले नाहीत. हेमा घाबरली आणि अंगणात जाऊन वर ओरडली, "काकू! काका जिन्यात बसलेत! बोलत नाहीयेत! उठत नाहीयेत!"

जनाबाईच्या हातातलं लाटणं पडलं. तिला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. रंगू गेली तेव्हाही कुणीतरी असंच खालून ओरडलं होतं, "उठत नाहीयेत."

जिन्याच्या तोंडाशी आली. पाय दगड झाले. मग ती खाली बसली. सरळ पायरीवर बसली, कठडा धरला, आणि घसरली. एक पायरी. मग पुढची. लहान मूल उतरतं तशी, ढुंगणावर! "मेलात तर याद राखा! मला न सांगता मेलात तर याद राखा!" असं ओरडत, कण्हत, पिठाचे हात कठड्याला पुसत, तीन मजले! हेमा धरायला धावली, तर तिलाच ढकलून दिलं.

दामाजीरावांनी मान वर केली. वरच्या पायरीवर जनाबाई! केस विस्कटलेले, नाकावर पीठ.

"अगं, तू कशी आलीस? मी तुला न्यायला येत होतो!"

"जिवंत आहात?"

"हो गं. फक्त मांड्या गेल्यात."

मग जनाबाईने जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ऐकवून झालं आणि तिचं लक्ष समोर गेलं. रंगूबाईचं दार. कुलूप. कुंडीतली तुळस वाळून काटकी झालेली. जनाबाई सरकत सरकत दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवला. कडीला पीठ लागलं.

"आले गं रंगू," ती म्हणाली. "उशीर झाला."

दामाजीरावांना तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तिथपर्यंत सरकवेना.

आता आली का पंचाईत! दोघं खाली आणि घर वर! तेवढ्यात दर्शन आला, बरोबर जिममधली तीन पोरं, आणि एकाच्या हातात दामाजीरावांच्या चपला. जिमच्या कागदावर पत्ता होता म्हणे. त्याने दोघांकडे बघितलं आणि पोरगा समजला. "काकू, तुम्हीच का ते सामान?"

"कसलं सामान?" जनाबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने चपलांकडे.

हेमाने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. जनाबाईला तिच्यात बसवलं, चौघांनी चार पाय धरले आणि निघाले. पहिल्या वळणावर कठडा आडवा आला, म्हणून खुर्ची उचलून खांद्यावर घेतली. आणि नेमके पहिल्या मजल्यावरचे भाऊ दार उघडून बाहेर आले! भाऊंना मोतीबिंदू. त्यांना काय दिसलं? चौघांच्या खांद्यावर काहीतरी, आणि खाली जिन्यात दामाजीराव मान टाकून बसलेले. भाऊंनी झटकन टोपी काढली, हात जोडले.

"अरेरे! जनावहिनीसुद्धा! कधी गेल्या?"

"अजून जातेय!" वरून आवाज आला. "दोन मजले राहिलेत! फुलं आणायला निघाला असाल तर मोगऱ्याचा गजरा आणा, भाऊ!"

भाऊ जे घरात शिरले, ते दोन दिवस बाहेर आले नाहीत.

दामाजीरावांना त्याच खुर्चीतून दुसऱ्या खेपेला वर नेलं. ते परत काही जिमला गेले नाहीत. पण आता रोज संध्याकाळी जनाबाई बसत बसत जिना उतरते, आणि दामाजीराव तिच्या पुढे, हात पसरून, एकेक पायरी उलटे उतरतात. त्यांच्या अंगावर ती पडली तर दोघंही खाली जातील, पण हे त्यांना कोण सांगणार? शेवटच्या पायरीवर बसून दोघं मेथी निवडतात, आणि अंधार पडला की कठडा धरून, वळणावळणाला टेकत वर चढतात. दामाजीराव देठं ठेवतात आणि पानं टाकून देतात. रंगूची सर नाही येत. पण तिच्या तुळशीला आता नवी पानं फुटलीयत.

झाली गोष्ट. मघापासून एवढ्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, तेही उखाण्याशिवाय, तेवढं पोटात घाला. सगळं खरं सांगितलंय. फक्त ही कवळी मघापासून जरा टोचतेय, म्हणून एक कबूल करून टाकते. ते बासष्ट किलो तेवढं मी घातलेलं आहे. खरा आकडा विचारायला त्या चार पोरांकडे जाऊ नका, ती अजून खांदे शेकतायत!