वझेकाकांचे वेढे

वझेकाकांना प्रश्न विचारला की उत्तर नक्की मिळतं, पण ते विचारणाऱ्यालाच मिळेल याची हमी नाही. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असताना काका बोलत नाहीत. थर पूर्ण झाला की तुंबलेलं उत्तर समोर असेल त्याला देऊन टाकतात. माझ्या बायकोने चहा टाकू का म्हणून विचारलं होतं. "टाक, पण साखर नको," हे उत्तर वीजमीटर बघायला आलेल्या बंगाली माणसाला मिळालं. तो बिचारा नमस्कार करून गेला.

बंगालातल्या बालीगंजच्या आमच्या इमारतीत हा ऐंशीच्या घरातला गृहस्थ माझ्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. उभा जन्म ट्रान्सफॉर्मर बनवण्यात गेला. त्यांच्या मते जगात समजून घेण्यासारखी गोष्ट एकच. लोखंडी गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीत वीज शिरते, दुसरीतून निघते आणि दोघी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. दुसरीचे वेढे निम्मे केले की विजेचा दाब निम्मा. "न शिवता पोचतं, बघ," हे ते गाभाऱ्यात उभं राहून बोलावं तसं बोलतात.

हाच नियम माणसांनाही लागू. मी मुलावर ओरडलो की वरून आवाज येतो, "वेढे कमी कर रे." समोरचे सेनबाबू मराठीतला हा एकच शब्द शिकलेत. त्यांच्या बायकोचा आवाज चढला की गंभीरपणे "वेढे, वेढे" म्हणतात आणि जिन्यात येऊन उभे राहतात.

यंदा काकांच्या घरचाच ट्रान्सफॉर्मर जळला. त्यावर त्यांचा अमेरिकेहून आणलेला, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर चालायचा. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, आपली दुप्पट. थेट लावला तर यंत्राची राख. आणि त्यातल्या टेपवर काकू होत्या. नोकरीसाठी दोघं तिकडे असताना त्यांनी नागपूरच्या आईसाठी बोलून ठेवलेलं. काकू गेल्या, आवाज तेवढा उरला.

बाजारात तयार मिळतो, आणून देतो, असं मी म्हटलं. काकांनी असं पाहिलं, जणू मी श्राद्धाचा स्वयंपाक हॉटेलातून मागवू या म्हणालो होतो.

पण आता तार सरळ धरण्यातच त्यांचं सगळं लक्ष जाई आणि आकडा निसटे. तेव्हा तार त्यांनी धरायची, वेढे मी मोठ्याने मोजायचे, असं ठरलं. मी रंगात आलो असताना सेनबाबूंनी दारातून इलिश मासा किती स्वस्त मिळाला ते सांगितलं. मी आशेने वळलो आणि आकडा गेला. काकांनी सगळी तार उलगडली, पुन्हा पहिल्यापासून. सेनबाबू त्यानंतर जिन्यात चवड्यांवर चालू लागले.

रविवारी सकाळी यंत्र लावलं. चकत्या फिरल्या. काकू आईला बर्फाबद्दल, शेजारणीबद्दल सांगू लागल्या. पण आवाज जाड, रेंगाळणारा. मला ठाऊक असलेल्या काकू एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करत.

"काका, माझं मोजणं चुकलं का?"

"नाही रे, दाब अगदी बरोबर आहे. वेढ्यांनी दाब बदलतो. पण वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते, ते बदलत नाही. तिकडे साठ वेळा, इकडे पन्नास. म्हणून मोटर हळू फिरते."

"मग यावर इलाज नाही?"

"आहे की. मोटरच्या चाकावर एक कडं चढवायचं, की टेप तिकडच्याच वेगाने धावते. केव्हाच करून ठेवलंय, त्या कपाटात आहे."

"मग चढवत का नाही?"

काका खुर्ची यंत्राजवळ ओढून बसले.

"फार भरभर बोलायची रे ती," ते म्हणाले. "टेप लगेच संपते."