डाव्या चाकात गुणगुणणाऱ्या महाराजांची हकीकत

श्री. जो चाक फिरवितो त्यास नमन, आणि जो चाक वेळेवर थांबवितो त्यास दोनदा नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पक्षी एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहिले असे. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. राज्य थोरले नव्हे, फाटकापासून विहिरीपर्यंत एका हाकेचे. परंतु त्यात एक रथ होता, चार चाकांचा, पेट्रोल पिणारा, चाळीस वर्षांचा, एके काळी पांढरा आणि आता सायीच्या रंगाचा. कैलासवासी त्र्यंबकराव महाराज तो स्वहस्ते हाकीत आणि स्वहस्ते दुरुस्त करीत, आणि हाकताना ओठ मिटून एक चाल गुणगुणत, आणि राणीसाहेब वत्सलाबाई शेजारी बसून "रस्ता बघा" म्हणत. ऐशी तीस वर्षे गेली आणि ती चाल कधी पुरी जाहली नाही. मग महाराज निवर्तले, त्यास सात वर्षे जाहली. निवर्तण्याआधी बारा दिवस त्यांनी पुढचे डावे चाक उतरवून, आसात नवे ग्रीस भरून, पुन्हा बसविले होते. सबब राणीसाहेबांनी हुकूम काढिला की या चाकाचा नट कोणी सैल करू नये, महाराजांचा शेवटचा पीळ त्यावर आहे. हुकूम तंतोतंत पाळला गेला, कारण तो मोडण्याजोगे माणूस राज्यात एकटे सारथी येसाजी, आणि येसाजी भित्रे.

मग तिसरे वर्षी चाक बोलू लागले. आधी बारीक, जैसे शेजारच्या खोलीत कोणी ओठ मिटून गात असावे. वेग वाढे तैसा स्वर वाढे, वेग उतरे तैसा उतरे. आणि नदीकडे जाण्यास रथ उजवीकडे वळला की स्वर भरून येई, आणि घराकडे डावीकडे वळला की अगदी गप्प होई. आणि महाराजांची रक्षा नदीतच सोडिली होती. फाटकावरचा म्हातारा कुत्रा, जो कोणासाठी उठत नसे, तो रथ उजवीकडे वळताना उठून शेपटी हालवी. येसाजींच्या हातात स्टिअरिंग कापे. ते म्हणत, वरून कोणी हात धरितो. राणीसाहेब रोज तिसरे प्रहरी नदीपर्यंत जात आणि परत येत, आणि वाटेत एक शब्द बोलत नसत.

ऐसे असता कन्या चारुशीला हिला सातवा महिना लागला. सासर घाटावर. राणीसाहेबांनी आज्ञा केली की लेकीस याच रथातून आणावी, पहिल्या बाळंतपणास बाप न्यावयास येतो, तर तेही येतील. घाटास उजवी वळणे अकरा. येसाजींनी ती बोटांवर मोजली आणि मग कोणास न सांगता हसीनाबी मिस्त्रिणीस बोलाविले. ही थोरल्या मिस्त्रींची लेक, बापामागे गॅरेज तीच चालवी, आणि महाराज पाने मागावयास तिच्याकडेच जात. राणीसाहेब रुष्ट जाहल्या, परंतु चहा दिला. हसीनाबीने सारे ऐकले, रथात बसली, वेगात गिअर काढून पाहिला, तरी स्वर तोच. म्हणाली, इंजिनाचे काही नाही. मग म्हणाली, "बाईसाहेब, नदी उजवीकडे आहे म्हणून वाढतो, का उजवीकडे वळतो म्हणून वाढतो, तेवढं आधी बघू." मग रथ बाजाराच्या मोकळ्या मैदानात नेला, जेथून नदी पाठीमागे राहते, आणि उजवीकडे गोल फिरविला. स्वर भरून आला. डावीकडे फिरविला. गप्प. हसीनाबी म्हणाली, उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, दुसरे काही नाही. राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे ते सगळीकडेच आहेत."

हसीनाबीने घरी येऊन चाक जॅकवर उचलिले, वरून आणि खालून धरून हालविले, तो चाक खडक खडक हालले, पडत्या दातासारखे. मग आसावरची टोपी काढिली आणि येसाजी चार पावले मागे सरले. ग्रीस काळे असते. हे लाल होते, ओले आणि दाट. हसीनाबीने बोट बुडवून वास घेतला आणि सांगितले, हे कुंकू आहे. त्यात हळद होती, आणि अक्षता होत्या, दळून पीठ जाहलेल्या. तेव्हा राणीसाहेबांनी सांगितले की दर दसऱ्यास गाडीची पूजा होते, तेव्हा आपण एकट्या राहून स्वयंपाकातील सुरीने ती टोपी काढितो. वरून लाविले तर कुंकू टोपीस लागते. त्यांनी हात लाविला तेथे लागावे म्हणून आत घालितो. सात दसरे जाहले.

हसीनाबीने बोट पुसले. मग म्हणाली, "तुम्हीच बोलावलंत त्यांना, बाईसाहेब. तांदूळ बेअरिंगमध्ये गेला आणि बेअरिंग गायला लागलं. आता हे घाटात सुटेल."

"बदललं की गप्प होतील?"

"होतील."

"आणि नाही बदललं तर?"

हसीनाबी म्हणाली, "चारूताई कुठल्या बाजूला बसणार आहेत?"

राणीसाहेब उठून विहिरीपर्यंत गेल्या, म्हणजे राज्याच्या सीमेपर्यंत, आणि परत आल्या आणि नट काढण्यास परवानगी दिली. चाक उतरले. अगदी आत, जेथे कुंकू पोचले नव्हते, तेथे जुने ग्रीस काळेच होते आणि त्यावर अंगठ्याचा एक ठसा होता. राणीसाहेबांनी त्यात आपला अंगठा ठेविला, तो त्यात हरवला, इतका ठसा मोठा होता. मग फडके मागून स्वतःच पुसून काढिला. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरतात, तेही त्यांनीच भरिले, कोपरापर्यंत माखून. हसीनाबी फक्त म्हणत होती, अजून दाबा, अजून.

दुसरे दिवशी रथ राणीसाहेबांसह घाटावर गेला आणि लेकीस घेऊन दुपारी निघाला. चाक मुके होते. स्टिअरिंग स्थिर होते. येसाजींनी पहिली चार वळणे देवाचे नाव घेत काढिली, पाचव्या उजव्या वळणावर स्वर आला. तोच, ओठ मिटून, वळणासरशी भरून येणारा. येसाजींनी रथ कडेस उभा केला आणि उतरून डाव्या चाकास कान लाविला. चाक उभे होते आणि स्वर चालूच होता. तो रथाच्या आतून येत होता. मागे चारुशीला आईच्या मांडीवर डोके ठेवून निजली होती, ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, थांबू नकोस ना. बाबांचं पुढचं मला येत नाही."

राणीसाहेब म्हणाल्या, "मी कुठं? मला वाटलं तू."

मग दोघी गप्प बसल्या, आणि चाल पुढे गेली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच पुरी जाहली.

ऐसे वर्तमान. चाक निर्दोष ठरले, रथ सुखरूप आला, येसाजींनी आठ दिवसांची रजा घेतली. दसऱ्यास आता कुंकू टोपीवरूनच लागते. माघात चारुशीलेस मुलगी जाहली. ती पाळण्यात ओठ मिटून काही म्हणते, आणि राणीसाहेब शेजारी बसून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत.